उजव्या चाकातलं ग्रीस

अप्पांच्या गाडीच्या उजव्या चाकात ग्रीस मी कोंबलं. आयुधपूजेच्या दुपारी, सगळं घर जेवून झोपलेलं असताना, खराट्याच्या काडीने. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, म्हणून तेच आधी लिहून टाकतो. पुढे जे झालं त्याला दुसरं कोणीही जबाबदार नव्हतं. तरी बरेच दिवस ते दुसऱ्याच्या नावावर राहिलं, आणि मी ते राहू दिलं.

तो दुसरा माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. अप्पा त्यांना जावईबापू म्हणतात, मी नुसतं जावई म्हणतो, तोंडावर 'तुम्ही'. ते मूळचे साताऱ्याचे, बँकेत नोकरीला. बहिणीला म्हाताऱ्या वडिलांजवळ राहायचं होतं म्हणून त्यांनी आपणहून तंजावूरची बदली मागून घेतली आणि आमच्या पलीकडच्या गल्लीत भाड्याने घर घेतलं. बायकोसाठी एवढ्या लांब कोण येतं? हे कौतुक आमच्या नात्यात सगळीकडे झालं. मीही केलं. त्यातलं निम्मं खरं होतं.

पिढ्यानपिढ्या तंजावूरला राहिलेल्या आमच्या घरात मराठी बोलतात, पण ती स्वयंपाकघरातली मराठी. शाळा, ऑफिस, दुकान, डॉक्टर, हे सगळं तमिळमध्ये चालतं. अप्पा आणि मी जे बोलायचो ते वीजबिलाबद्दल, गोळ्यांबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, आणि ते विषय आपोआप तमिळकडे वळायचे. मला त्यात काही उणं वाटत नव्हतं. मग जावई आले. रविवारी सकाळी ते अप्पांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसत आणि मोबाईलवर मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवत. अप्पांना देवनागरी वाचता येतं, पण डोळे थकलेत. मला तेव्हा वाचताच येत नव्हतं. आमच्या पिढीत फार थोड्यांना येतं. मी शेजारच्या खोलीत कॉफीचा डवरा, म्हणजे आमच्याकडची कॉफीची पितळी वाटी, हातात धरून ऐकत बसायचो. मध्येच अप्पा हसायचे. ते हसू मी लहानपणी ऐकलं होतं. मध्ये कधीतरी ते बंद पडलं होतं आणि मी समजून चाललो होतो की वयामुळे बंद पडलं.

जावयांच्या मनात काही वाईट नव्हतं, हीच अडचण होती. माझ्या बोलण्यातला एखादा जुना शब्द ऐकला की ते हरखून थांबायचे. "दादा, हा शब्द माझी पणजी वापरायची हो. परत म्हणा ना." त्यांना खरोखर आनंद व्हायचा. मला मात्र वाटायचं, मी रोज ज्या ताटात जेवतो ते कोणीतरी उचलून शोकेसमध्ये ठेवतंय.

मग मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर, कोणालाही न सांगता देवनागरी शिकायला लागलो. पन्नाशीला आलेला माणूस, डब्यातला दहीभात खाता खाता 'क'ची बाराखडी गिरवतोय. आज हे मला लिहिता येतंय ते त्याच हेव्यामुळे. तेवढं एक त्यातून बरं निघालं.

आता गाडी. अप्पांची पांढरी गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे. ते शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होताना त्यांनी ती घेतली आणि स्वतःच तिची निगा राखत आले. डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं सोडल्यावर चावी माझ्याकडे येणार हे उघडच होतं, आणि आली. पण मी त्यांना दवाखान्यात नेत असे, दुसरीकडे कुठे नाही. तिरुवैयारूला कावेरीच्या घाटाच्या पायऱ्यांवर जरा बसून येऊ, असं ते अधूनमधून म्हणत. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी म्हणत असे. जावई एकदा घेऊन गेले. मग दुसऱ्यांदा. मग दर रविवारी पेपर वाचून झाला की दोघं गाडी काढून जायला लागले. येताना केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी आणायचे, आणि माझ्या बायकोच्या हातात देताना अप्पांच्या तोंडावर शाळकरी पोराचा भाव असायचा.

पावसाळ्यानंतर गाडीचे ब्रेक वाजायला लागले. आधी सकाळी पहिल्यांदा दाबले की बारीक चिरका आवाज, मग कधीही, अगदी गल्लीत हळू थांबतानासुद्धा. जावयांना या कामाची आवड होती. त्यांनी मला समजावलं होतं की बहुतेक वेळा हा आवाज म्हणजे ब्रेकच्या पॅडची थरथर असते. पॅडच्या मागे, जिथे लोखंड लोखंडाला टेकतं, तिथे ब्रेकचं खास ग्रीस बोटभर लावायचं. पुढच्या बाजूला, जी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरते, तिथे चुकूनही नाही. मी मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं की एवढं मलाही कळतं.

आयुधपूजेला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं देवापुढे ठेवतात. अप्पांची पान्यांची पेटी, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पक्कड, तारेचा ब्रश, प्रत्येकाला चंदनाचा ठिपका आणि कुंकू. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तो त्यांचा विसाव्याचा दिवस. अप्पा याबाबतीत कडक. आणि एकटे अप्पाच नाहीत, त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाच्या घरी साधा पाना मागायला गेलात तर तोही देवापुढेच असतो.

गाडीचीही पूजा होते. धुऊन, हार घालून, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात, आणि कोणीतरी गाडी पुढे घेऊन ती लिंबं चिरडतो. अप्पांनी चालवणं सोडल्यापासून तो 'कोणीतरी' मी होतो. त्या वर्षीही मी चप्पल काढून दाराशी उभा राहिलो, हात पुढे केला. अप्पांनी पूजेत ठेवलेली चावी माझ्या हातावरून पलीकडे नेली.

"जावईबापू, आज तुम्ही बसा."

मी पुढे केलेला हात मागे घेतला आणि त्याच हाताने बॉनेटवरचा हार सरळ केला. हार सरळच होता.

जावयांनी लिंबं चिरडली, ब्रेक दाबला, आणि गाडी अशी किंचाळली की समोरच्या घरातले रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ ओट्यावरून तमिळमध्ये ओरडले, "मापिळ्ळै, लिंबं रडतायत की गाडी?" मापिळ्ळै म्हणजे जावई, सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायला लागली होती. सगळे हसले, जावईही हसले. मग त्यांनी काच खाली केली आणि उजवीकडच्या देवळाच्या लांब भिंतीला लागून गाडी हळूहळू पुढे नेली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि कुठलं चाक वाजतंय ते कळतं, असं ते म्हणाले. मलाही आवाज स्वच्छ ऐकू आला, उजवीकडून. येताना ते भिंत डाव्या बाजूला घेऊन पुन्हा ऐकणार होते, तेवढ्यात अप्पांनी नैवेद्य थंड होतोय म्हणून हाक मारली. पाटावर बसता बसता जावई म्हणाले की उद्या सकाळी पुन्हा पूजा झाली की दोन्ही चाकं उघडतो, दसरा आहे, काम सुरू करायला चांगला दिवस. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "बघ, कसं रीत धरून चालतात." ते माझ्याशी मराठीत बोलले, आणि तेसुद्धा जावयांना कळावं म्हणून.

मी वडा गिळला.

सगळे झोपल्यावर मी देवापुढे गेलो. पान्यांच्या पेटीकडे हात नेला आणि थांबलो. तिला हात लावायची हिंमत माझ्यात नव्हती. मग मी स्वतःला एक पळवाट शोधून दिली. जॅक आणि चाकाचा पाना गाडीच्या डिकीत होते. त्यांना चंदन लावायचं अप्पा विसरले होते. म्हणजे ते पूजेत नव्हते. म्हणजे चालेल.

चाक तर काढलं. पण पॅड ज्यात बसतात तो आतला कॅलिपर उघडायचा तर दुसरा पाना लागतो, तो देवापुढे. पॅड घासायला पॉलिश पेपर लागतो, तोही पेटीत. ब्रेकचं ग्रीस मुळात घरात नव्हतंच. होता तो फाटकाच्या बिजागऱ्यांना लावायच्या पिवळ्या ग्रीसचा डबा. शहाण्या माणसाने इथे चाक पुन्हा लावून आत जाऊन झोपायला हवं होतं. मी खराट्याची काडी मोडली, तिच्या टोकावर ग्रीस घेतलं आणि कॅलिपरच्या फटीतून पॅडच्या मागे कोंबत राहिलो. नीट दिसत नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता. प्रत्येक काडीबरोबर मी मनात उद्याची सकाळ रचत होतो. जावई बाह्या सरसावून उभे आहेत, गाडीला आवाजच नाही, आणि त्यांचे ते तयार हात लोंबकळतायत. डाव्या चाकाला मी हात लावला नाही. आवाज उजवीकडचा होता.

चाक बसवून गाडी चार हात पुढे-मागे केली. आवाज नाही. मला इतका आनंद झाला की मी मोरीत उभा राहून एकटाच हसलो. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी जावई जुनी पँट घालून, पिशवीत ब्रेकच्या ग्रीसची नवी ट्यूब आणि पॉलिश पेपर घेऊन हजर झाले. त्यांच्या आईने साताऱ्याहून टपालाने आपट्याची पानं पाठवली होती, ती त्यांनी सगळ्यांना दिली. माझ्या तळहातावर पान ठेवताना त्यांनी माझा हात क्षणभर धरून ठेवला. मला वाटलं, सणाचा दिवस आहे.

अप्पा म्हणाले, आधी एक फेरी मारून आवाज ऐकू. फेरी मारली. आवाज नाही. जावयांनी भुवया उचलल्या. मी म्हणालो की काल गाडी धुतली, ओल्या डिस्कवर गंज धरतो, तो असेल, वाळून गेला. हे खोटं बोलायला मला खरी माहिती उपयोगी पडली. असा आवाज खरंच येतो आणि खरंच जातो.

"तरी एकदा उघडून बघू का, दादा?"

"रडत नाही त्या पोराला कशाला उठवता?"

अप्पा खो खो हसले. कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसले. जावयांनी पुन्हा एकदा म्हटलं, बघायला काय हरकत आहे. मी म्हणालो की सणाच्या दिवशी चांगल्या गाडीची आतडी काढू नका. त्यांनी पिशवी डिकीत टाकली, आणि दोघं तिरुवैयारूला गेले.

त्याच वेळी बोलता आलं असतं. मला वाटत होतं की मी दुरुस्ती केलीय. ती मी केली, हे सगळ्यांदेखत सांगायची जीभ शिवशिवत होती. पण विसाव्याच्या दिवशी काम केलं हे अप्पांना कळलं असतं, म्हणून गप्प बसलो. माझ्या हेव्याला श्रेयही हवं होतं आणि लपायलाही हवं होतं.

तासाभरात बहिणीचा फोन आला. मी स्कूटर काढली.

तिरुवैयारूच्या रस्त्याला वळणं बरीच, एका अंगाला कालवा आणि पाटाचं पाणी, त्यापलीकडे भात. पुढे एक मिनीबस अचानक थांबली होती. जावयांनी ब्रेक दाबला. तोवर अर्धा रस्ता ब्रेक दाबून दाबून डिस्क तापली होती आणि माझं ग्रीस वितळून तिच्यावर पसरलं होतं. उजवं चाक धरेना, डावं धरलं, गाडी डावीकडे ओढली गेली आणि पुढचं चाक पाटात उतरलं. वेगात नव्हते म्हणून बचावले. अप्पांनी सावरायला डॅशबोर्डवर हात टेकला होता. त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा भातात काम करणाऱ्या माणसांनी गाडी ओढून बाहेर काढली होती आणि ती जवळच्या गॅरेजसमोर उभी होती. अप्पा टॉवेलमध्ये हात गुंडाळून बाकावर बसले होते. दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली होती, ती येईपर्यंत ते हलायला तयार नव्हते. गाडीला काय झालं ते त्यांना कळायला हवं होतं. गॅरेजवाला मोठ्या आवाजाचा, मिशाळ माणूस. त्याने चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि पिवळं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं.

"या तव्यावर डोसा घालायचा होता का कोणाला? कोणी केलं हे?"

डिकी उघडीच होती. जावयांची पिशवी, ग्रीसची ट्यूब, पॉलिश पेपर, सगळं समोर पडलेलं. रात्रीत आवाज कसा गेला, याचं उत्तर सगळ्यांना तिथेच मिळालं.

अप्पा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही चाकाला हात लावला होता?"

"नाही, अप्पा."

"चूक झाली असेल तर सांगून टाका. मी एक शब्द बोलणार नाही."

"मी हात लावला नाही."

अप्पांनी तोंड फिरवलं. हात मोडला त्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलं, हे मला दिसत होतं. त्यांनी वर्गात आयुष्यभर हेच केलं होतं. चुकीला ते मारत नसत, नाकबूल करणाऱ्याशी बोलणं सोडत. जावई डिस्ककडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी तिथे हेल्मेट घालून उभा होतो. ते काढायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि काढलं नाही.

गाडीची चावी त्या संध्याकाळी अप्पांनी डाव्या हाताने माझ्याकडे दिली. यापुढे तुझ्याकडेच ठेव, म्हणाले.

हे लिहायची लाज वाटते, पण पहिले काही दिवस मी सुखात होतो. अप्पांना आंघोळ मी घालत होतो, घास माझी बायको भरवत होती, आणि घर पुन्हा माझं झालं होतं. रविवारी जावई येत, बहिणीबरोबर बसत, कॉफी घेत. पेपर वाचू का, असं त्यांनी एकदा विचारलं. डोळे दुखतात, असं अप्पा म्हणाले. वाचून दुसरा दाखवणार, आणि डोळे अप्पांचे दुखणार. जावयांनी मोबाईल खिशात ठेवला. मी दाराआडून ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

मग मी अप्पांना तिरुवैयारूला घेऊन गेलो. घाटाच्या पायरीवर रुमाल पसरून त्यांना बसवलं. पाणी भरपूर होतं. मी बोलायला काहीतरी शोधत होतो. गल्लीतलं गटार साफ झालं का, असं त्यांनी विचारलं, तमिळमध्ये. झालं, म्हणालो. मग ते मराठीत म्हणाले, "जावई असते तर..." आणि थांबले. प्लास्टर घातलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला होता. ज्याने आपल्याला बुडवलं आणि वर खोटं बोलला असं ते धरून चालले होते, त्याचीच त्यांना आठवण येत होती, आणि त्यांच्यासाठी रुमाल पसरणारा मी शेजारी बसलो होतो. त्या पायरीवर मला त्या माणसाचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला.

गाडीही गप्प बसेना. गॅरेजवाल्याने डिस्क पुसून दिली होती, पण आता चिरक्या आवाजाच्या जागी खरखर आली, दगडावर दगड घासल्यासारखी. मी ती ऐकत ऑफिसला जायचो. दुरुस्तीला द्यायची माझी छाती होत नव्हती. चाक पुन्हा उघडलं तर त्यातून माझंच काहीतरी बाहेर पडेल असं वाटायचं.

एका संध्याकाळी बहीण ऑफिसच्या फाटकाशी उभी होती. घरी बोलता येणार नाही म्हणून आली, म्हणाली. नवऱ्याने परत साताऱ्याला बदली मागितली होती. "ते म्हणतात, ज्या घरात आपला शब्द चालत नाही तिथे रोज कसं जायचं. आणि कोणी केलं ते त्यांना ठाऊक आहे, दादा. मी शंभरदा विचारलं. सांगत नाहीत." ती माझ्याकडे सरळ बघत होती. मग तिने पदराने तोंड पुसलं. "मी अप्पांजवळ राहायला आले होते. आता तू सांभाळ त्यांना."

मी तिला रिक्षात बसवून दिलं. 'सरि', म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणालो. आम्ही इथे कशालाही सरि म्हणतो.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन जावयांच्या दारात गेलो. ब्रेक बघाल का, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि अंगणात जागा केली. आधी त्यांनी डावं चाक काढलं. कॅलिपर उघडला. तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून घट्ट बसली होती. पाना लावून पिळली तेव्हा कुठे हलली. त्यामुळे आतला पॅड सारखा डिस्कला घासत राहून पार झिजला होता, धातू उघडा पडला होता.

"आवाज इथला होता, सुरुवातीपासून," ते म्हणाले. "त्या दिवशी भिंत उजवीकडे होती, म्हणून उजवीकडून ऐकू आला. परत येताना तपासायचं राहिलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मी नको त्याच चाकात घातलं."

त्या क्षणीही मला पश्चात्तापाच्या आधी राग आला, की माझी चूकसुद्धा याच माणसाने बरोबर शोधून काढली. जावयांनी पाना खाली ठेवला.

"दसऱ्याला पान दिलं ना, तेव्हा तुमच्या नखांत पिवळं ग्रीस होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलणार? दोनदा म्हटलं उघडू या म्हणून. तुम्ही मोठे, सगळ्यांसमोर तुमचा हात धरून नखं दाखवू?" त्यांचा आवाज चढला. "तुमचा मान ठेवायला गेलो आणि अप्पांना घेऊन त्या गाडीत बसलो. मला रात्री झोप लागत नाही त्यासाठी. तुमच्यासाठी नाही."

"गॅरेजमध्ये तरी..."

"तिथे मी तुमचं नाव घेतलं असतं तर अप्पांनी काय मानलं असतं? जावई स्वतःचं पोरावर ढकलतोय. तुम्ही बोलायचं होतं. मी वाट बघत होतो, दादा. तुम्ही हेल्मेट घालून उभे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी तेलकट हात वर केला. "इथे नको. इथे मागितलीत तर ती आपल्या दोघांत राहील, आणि मग मलाच ती सांभाळत बसावी लागेल. मला राग आहे अजून. चहा पाजीन, पण माफ केलं असं समजू नका."

बहीण दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती दोन कप ठेवून आत गेली.

मग आम्ही काम पुरं केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही बाजूंचे नवे पॅड आणले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी पुन्हा एकीकडे ओढेल, असं ते म्हणाले. पिन पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत मी घासली. उजव्या चाकातलं माझं ग्रीस त्यांनी पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने कोपऱ्याकोपऱ्यांतून काढलं. बरंच होतं. पॅडच्या मागे त्यांनी ट्यूबमधलं ग्रीस लावलं, इतकं थोडं की दिसलंही नाही. मी बघत होतो. हात छान चालतात त्यांचे. तेही मला बघवत नव्हतं, आणि तरी मी बघत होतो. शेवटी गल्लीत हळूहळू ब्रेक दाबत त्यांनी पॅड बसवून घेतले, आधी भिंत उजवीकडे घेऊन, मग डावीकडे. आवाज नव्हता.

मी त्यांना म्हणालो, चला. गाडी त्यांनाच चालवायला लावली आणि शेजारी बसलो.

अप्पा खाटेवर बसून रबराचा चेंडू दाबत होते. प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरांनी तो व्यायाम सांगितला होता. आम्हाला दोघांना एकदम बघून त्यांचा हात थांबला. जावई दाराशीच उभे राहिले. मी जाऊन अप्पांसमोर जमिनीवर बसलो. तमिळमध्ये सांगणं मला सोपं गेलं असतं. तिथे माझ्याकडे तयार वाक्यं होती. पण जावयांना एकेक शब्द कळायला हवा होता, म्हणून मी मराठीत बोललो, अडखळत.

"अप्पा, चाकाला मी हात लावला. आयुधपूजेच्या दुपारी, तुम्ही झोपलेले असताना. फाटकाचं ग्रीस घातलं. यांनी ते उघडू म्हटलं, मी उघडू दिलं नाही. गॅरेजमध्ये हे खरं बोलत होते. मी तिथे होतो आणि गप्प राहिलो. तुमचा हात माझ्यामुळे मोडला."

चेंडू त्यांच्या मांडीवरून घरंगळून खाटेखाली गेला. अप्पा माझ्याकडे बघत होते, आणि मग माझ्यावरून पलीकडे, दाराकडे बघायला लागले.

मी उठून जावयांकडे वळलो. त्यांच्या हातांचा पेट्रोलचा वास अजून गेला नव्हता. माझ्याही.

"मला तुमचा हेवा वाटत होता," मी म्हणालो. "अप्पा तुमच्याशी बोलतात त्याचा. म्हणून केलं. तो अजून वाटतो, आत्तासुद्धा, ते खोटं सांगत नाही. पण तुम्हाला मी खोटं पडू दिलं. माझी चूक झाली. मला माफ करा."